गाठ हाताला लागल्यापासून पहिल्या केमोपर्यंत: मराठवाड्यातल्या घरांसाठी कॅन्सरच्या खर्चाचा हिशेब

कॅन्सर निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, "किती लागतील?" आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी जमिनीला गिऱ्हाईक बघायला लागतं. थोडं थांबा. लातूर, बीड, धाराशिवकडच्या बऱ्याच पेशंटच्या फाइली चाळल्यावर माझं मत असं झालंय की ऑपरेशन, केमो आणि शेक (रेडिएशन) यांचा मोठा भाग सरकारी योजनेत बसतो. घर पोखरलं जातं ते दोन ठिकाणी. एक, गाठ लागल्यापासून बायॉप्सीचा, म्हणजे तुकडा तपासल्याचा, रिपोर्ट हातात येईपर्यंत. दोन, उपचार चालू असताना गाडीभाडं, राहणं, बाहेरून आणलेली औषधं आणि बुडालेली मजुरी यांत. त्यातही पहिल्या टप्प्यात गेलेला पैसा बहुतेक वेळा वाचवता येण्यासारखा असतो, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

रिपोर्ट येण्याआधी

तोंडात तीन आठवडे झाले तरी न भरणारा चट्टा, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, स्तनात गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाणं, गिळताना घास अडकणं, संडासातून वारंवार रक्त, मानेतली न दुखणारी गाठ. यातलं काही असेल तर चौकातल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक करत बसू नका. एका कोर्सनं उतार पडला नाही की पुढचा प्रश्न एकच विचारायचा: "डॉक्टर, याचा तुकडा तपासायला पाठवायचा का?"

आपल्याकडे मावा, गुटखा, मिश्री घराघरात आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठं मिळतो हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, ते असो. या माणसांच्या गालाच्या आतला चट्टा बरेचदा "दात टोचतोय" या नावाखाली महिनोन्‌महिने राहतो. दात घासून घेतला, तरी दोन-तीन आठवड्यांत चट्टा भरला नाही, तर दात हे कारण नाही असं धरून चालायचं. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथलंच घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडचं वैद्यकीय महाविद्यालय, इथं तोंडाची बायॉप्सी नेहमीची गोष्ट आहे. केसपेपर काढून नाक-कान-घसा किंवा सर्जरीच्या ओपीडीत जायचं. रांगेत सकाळ जाते, पण खासगीत हजारांत जाणारं काम इथं फार थोड्यात होतं.

तीस वर्षांवरच्या माणसांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात आहे. गावच्या आशाताईंना विचारा, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कधी होते. बाया लाजतात, सासू "काही होत नाही" म्हणते. म्हणून शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून जावं.

बायॉप्सीबद्दल दोन गैरसमज महागात पडतात.

पहिला, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. पसरत नाही. उलट बायॉप्सी टाळून कुणी पुडी घेतं, कुणी शिमोग्याकडचं जडीबुटीचं औषध आणायला गाडी करतं, आणि पहिल्या टप्प्यातला आजार तिसऱ्यात जातो. तिसऱ्या टप्प्यातला उपचार लांबतो, जास्त खर्चाचा होतो आणि त्याचा गुणही कमी येतो.

दुसरा, गाठ काढून टाकली की विषय संपला. तालुक्याच्या ठिकाणी गाठ काढली जाते आणि कचऱ्यात जाते. मग सहा महिन्यांनी तिथंच पुन्हा उगवते आणि मोठ्या हॉस्पिटलात विचारतात, "आधीचा रिपोर्ट कुठाय?" शरीरातून काढलेली कोणतीही गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. ऑपरेशनच्या आधीच हे बोलून घ्या आणि बाटलीवर पेशंटचं नाव चिकटवलंय की नाही ते नातेवाइकानं स्वतः बघावं. स्तनातली गाठ तर सुई टोचून बायॉप्सी केल्याशिवाय काढूच नये. ती घाईनं काढली की पुढचं ऑपरेशन अवघड होतं, आणि कधी आधी केमो द्यायची संधीही जाते.

गर्भाशयाबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण बीड जिल्ह्यानं हे भोगलंय. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पांढरं जातंय, कंबर दुखतीय एवढ्यावर "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितल्याचं कितीतरी जणींनी सांगितलं. मुकादमाची उचल आधीच डोक्यावर, त्यात ऑपरेशनचे पैसे. कॅन्सरच्या नुसत्या भीतीवर पिशवी काढू देऊ नका. आधी व्हीआयए किंवा पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या साध्या तपासण्या), संशय आला तर गर्भाशयमुखाचा तुकडा किंवा आतल्या अस्तराची तपासणी, आणि तो रिपोर्ट कागदावर. खरोखर गर्भाशयमुखाचा कॅन्सर असेल तरी साधं पिशवीचं ऑपरेशन हा सहसा त्याचा उपचार नसतो. बऱ्याच वेळा ऑपरेशनच नसतं, शेक आणि केमो असते.

खासगीत तपासण्या कराव्याच लागल्या तर क्रम पाळा. आधी बायॉप्सी, मग स्कॅन. पेट-सीटी या सगळ्या अंगाच्या स्कॅनला शहरात साधारण दहा ते वीस हजार पडतात, आणि प्रत्येक पेशंटला ती लागतेच असं नाही. तोंडाचा किंवा स्तनाचा लहान आजार असेल तर साधा सीटी, एक्स-रे, सोनोग्राफी पुरते. जो डॉक्टर उपचार करणार, त्यानं सांगितल्यावरच मोठा स्कॅन करायचा; नाहीतर पुढचं हॉस्पिटल "आमच्या पद्धतीनं पुन्हा करा" म्हणतं. सीटी, एमआरआयची नुसती फिल्म घेऊ नका, सीडीही मागून घ्या.

रिपोर्टची वाट बघताना करायचं काम: रेशनकार्ड

तुकडा दिल्यावर रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतात. घरचे हे दिवस नवस बोलण्यात आणि फोन करण्यात घालवतात. याच दिवसांत कागद नीट करून ठेवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या मोफत उपचाराच्या सरकारी योजना राज्यात एकत्र चालतात. आपल्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर ही योजना आधीपासून मिळत होती. २०२४ पासून कार्ड पिवळं, केशरी की पांढरं हे न बघता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सत्तर वर्षांवरच्या माणसाला उत्पन्न न बघता आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, त्यावर ५ लाखांचं संरक्षण आहे. म्हातारा-म्हातारीचं काढलं नसेल तर आजच काढा.

योजना अडते ती रोगावर नाही, नावावर. आधारवर "कौशल्याबाई" आणि रेशनकार्डावर "कौसाबाई". लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. भाऊ वेगळे झाले पण कार्ड एकच, आणि ते थोरल्याकडं. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबरच नाही. ही दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा विभागात होते. सेतूवर अर्ज केला तरी पुरवठ्याच्या बाबूला भेटून "दवाखान्याचं काम आहे" हे तोंडानं सांगाच. सोबत डॉक्टरचं पत्र किंवा बायॉप्सीला पाठवल्याची चिठ्ठी असली की काम लवकर हलतं. त्याच फेरीत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखलाही काढून घ्या, पुढं तो चार ठिकाणी लागतो.

योजनेच्या खिडकीवर

योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, बहुधा दारातच. तिथं आधार, रेशनकार्ड आणि बायॉप्सीचा रिपोर्ट दाखवायचा. मग हॉस्पिटल ऑनलाइन मंजुरी मागतं, तिला सगळे प्री-ऑथ म्हणतात. मंजुरी आली की त्या पॅकेजमधलं ऑपरेशन, औषध, खाट, जेवण बिनपैशाचं असतं. केमोला दरवेळी नवी मंजुरी लागते, म्हणून पेशंट आणि कागद दोन्ही दरवेळी हजर हवेत.

ज्या तपासण्या मंजुरीच्या आधी बाहेर केल्या त्यांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. वर इतका वेळ बायॉप्सीवर बोललो तो याचसाठी. रिपोर्ट नाही तर मंजुरी नाही, आणि मंजुरी नाही तोवर खिसा आपला.

मंजुरी आल्यावरही "थोडं डिपॉझिट भरा" किंवा "हे सामान योजनेत नाही, बाहेरून आणा" असं कुणी म्हणालं तर आरोग्यमित्राला विचारा. पैसे भरावेच लागले तर पावतीशिवाय भरू नका. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरवर तक्रार नोंदवता येते. तक्रार करायला माणसं घाबरतात, कारण आपलं माणूस त्यांच्या हातात असतं. भांडू नका. "मी जरा हेल्पलाइनला विचारून घेतो" एवढं म्हटलं तरी बऱ्याचदा काम होतं.

इम्युनोथेरपीसारखी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध उभी करणारी) महाग औषधं आणि काही टार्गेटेड गोळ्या पॅकेजमध्ये असतीलच असं नाही. डॉक्टरनं असं औषध सुचवलं तर नाव लिहून घ्या आणि तीन गोष्टी विचारा: ते न घेता चालणारा प्रमाणित उपचार कोणता, या औषधानं नेमका किती फरक पडेल, आणि ते किती महिने घ्यावं लागेल. दोन डोस घेऊन पैसे संपले म्हणून सोडलेलं औषध म्हणजे पाण्यात गेलेले लाख.

जायचं कुठं

संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आमखास मैदानाजवळ आहे. २०१२ पासून चालू आहे, घाटीच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे आणि राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा त्याला आहे. ऑपरेशन, केमो आणि शेक तिन्ही एका आवारात होतं. जालना, परभणी, हिंगोली, बीडकडच्यांना पहिलं नाव हेच सुचवतो.

धाराशिव, बीडचा दक्षिण भाग आणि लातूरच्या पश्चिमेकडच्यांना बार्शी जवळ. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल सोलापूर जिल्ह्यात असलं तरी तिथं आपल्याकडचे पेशंट भरपूर. लातुरात विवेकानंद रुग्णालयाचं कॅन्सर केंद्र आहे. नांदेड, देगलूरकडची माणसं हैदराबाद धरतात. तिकडं जाण्याआधी आपली योजना त्या हॉस्पिटलात चालते का हे फोन करून पक्कं करा, नाहीतर सगळं रोखीनं होतं.

आणि टाटा. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासूनचं. उपचाराबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण प्रत्येक कॅन्सरला परळ लागत नाही. साध्या स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा शेक कित्येक आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज असतो. तेवढे दिवस दोन माणसं मुंबईत राहिली तर काय खर्च होतो ते मांडून बघा. माझा सल्ला असा: निदान अवघड असेल, लहान मूल असेल, हाडाचा, मेंदूचा, रक्ताचा कॅन्सर असेल, तर टाटाला जा. बाकीच्यांनी हवं तर तिथं एकदा दाखवून उपचाराचा आराखडा लिहून घ्यावा आणि तो जवळच्या केंद्रात पुरा करावा. डॉक्टरला तसं थेट विचारता येतं, त्यांना त्यात राग येत नाही.

टाटात फाइल काढताना जनरल की प्रायव्हेट हे तिथंच ठरतं. घाईत, "लवकर नंबर लागेल" म्हणून प्रायव्हेट काढणारे पुढं पस्तावतात. पैशाची ओढाताण असेल तर जनरल काढा आणि मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच दिवशी भेटा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही जुनी ठिकाणं आहेत. दोन्हींकडं रांग असते, म्हणून हॉस्पिटलचं पत्र घेऊन लवकर नाव लावा.

कुठंही जाताना सोबत न्यायची आणि हमखास विसरणारी वस्तू म्हणजे पॅराफिन ब्लॉक. बायॉप्सीचा तुकडा लॅबवाले मेणाच्या छोट्या वडीत बसवतात, प्लास्टिकच्या चौकोनी डबीत. त्यावर नंबर लिहिलेला असतो. ही वडी आणि काचेच्या स्लाइड मागून घेतल्या तर नव्या ठिकाणी पुन्हा बायॉप्सी सहसा टळते, स्तनाच्या कॅन्सरचं ईआर, पीआर, हर-टू (कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या तपासण्या) त्याच वडीवर होतं. लॅब एक अर्ज लिहून घेते आणि देते. एप्रिल-मेमध्ये ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते, आपल्याकडच्या उन्हात मऊ पडतं.

पहिल्या भेटीत विचारायचं

दोन माणसं जा, एकानं ऐकायचं, एकानं लिहायचं. आजार कोणत्या टप्प्यात आहे? उपचार बरा करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? काय आधी, काय नंतर, एकूण किती महिने? सगळा खर्च किती, त्यातला योजनेत किती? खर्चाचा अंदाज लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मागा. सगळ्यात मोठं दडपण दुसऱ्या प्रश्नाचं असतं, म्हणून तोच कुणी विचारत नाही. पण जमीन गहाण टाकायची की नाही याचं उत्तर त्यातच आहे.

उपचाराचे महिने

रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला त्याच वर्गात ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलमधून ठरलेल्या नमुन्यातला दाखला भरून घ्यायचा आणि तिकीट आरक्षणाच्या खिडकीवर काढायचं. नंदीग्राम, देवगिरी, लातूर-मुंबई, सगळ्यांना भागतं. एसटीतही कॅन्सरग्रस्तांना सवलत आहे. बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट.

तोंडाच्या शेकाआधी दातांचं काम उरकून घ्या. शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडायचा धोका असतो. नाकातून नळी घातली तर डब्यातली महाग पावडर लागतेच असं नाही. दूध, पातळ गाळलेली डाळ, अंडं, शेंगदाण्याचं कूट मिक्सरला एकदम बारीक करून आणि गाळून चालतं का, हे आहारतज्ज्ञाला विचारा.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, रात्रीत माणूस जातो. पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका. फाइल उचला, गाडी करा आणि निघा. एरवी गाडीभाडं वाचवा म्हणणारा मी इथं मात्र वाचवू नका म्हणतो. कुठं न्यायचं, रात्री कुणाला फोन करायचा, हे पहिल्या केमोच्या दिवशीच लिहून घ्या.

औषधं बाहेरून घ्यायची वेळ आली तर हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नसते. कॅन्सरच्या एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या छापील किमतीत प्रचंड फरक सापडतो, आणि छापील किमतीवरही घासाघीस होते. अमृत फार्मसी आणि जनऔषधी केंद्रात (स्वस्त औषधांची सरकारी दुकानं) भाव विचारा, डॉक्टरला औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. २०१९ मध्ये केंद्रानं ४२ कॅन्सर औषधांच्या नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली, २०२५ च्या सप्टेंबरात काही औषधांवरचा जीएसटी शून्य झाला. जुन्या भावाचा माल कुणी माथी मारत नाही ना, एवढं बघा.

तरी कमी पडलं तर

मुख्यमंत्री सहाय्यता निधीला उपचाराआधी किंवा उपचार चालू असताना अर्ज करायचा. भरून झालेलं बिल परत मिळत नाही. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि खर्चाचं अंदाजपत्रक. हॉस्पिटल खासगी असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनची सही. आता जिल्हाधिकारी कार्यालयातच कक्ष आहे, मंत्रालयाची वारी नको.

हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकाला निम्म्या दरात द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. खाटा शिल्लक नाहीत म्हणाले तर ते लिहून मागा.

पेशंटचं वय ६५ च्या आत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरग्रस्त बसतात; महिना १,५०० रुपये. रक्कम लहान, पण औषधाच्या एका चिठ्ठीला होते. वाळूजसारख्या ठिकाणी कारखान्यात असाल तर ईएसआयसी (कामगार विमा) आधी बघा. खासगी विमा असेल तर दाखल होण्याआधीच कंपनीला कळवा. नोकरदारांना आयकराच्या जुन्या पद्धतीत गंभीर आजाराच्या खर्चापोटी (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी) ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठांच्या उपचारासाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते.

कर्ज काढायचंच तर बँकेत सोनं ठेवा. शेकडा तीन-पाचानं महिन्याला व्याज घेणारा सावकार उपचार संपल्यावरही कित्येक वर्षं दारात येत राहतो. जमीन तर लेखी अंदाज हातात आल्याशिवाय आणि योजनेतून किती वजा होतं हे कळल्याशिवाय विकायची नाही.

आजार बरा होण्यापलीकडं गेला असेल तरी उपचार थांबत नाही, खर्चाचं स्वरूप बदलतं. दुखणं थांबवायला तोंडावाटे घ्यायचं मॉर्फिन आहे, ते स्वस्त आहे, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलं तर सवय लागण्याची भीती बाळगू नये. ते दर मेडिकलला मिळत नाही; मान्यता असलेल्या संस्थेतूनच मिळतं. संभाजीनगर, बार्शी किंवा टाटा, जिथं फाइल आहे तिथं पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, ओपीडी विचारा. दरवेळी पेशंटला नेणं झेपत नसेल, तर नातेवाइकानं फाइल घेऊन गेलं तर चिठ्ठी मिळेल का, आणि एका खेपेला किती दिवसांच्या गोळ्या मिळतील, हे दोन प्रश्न तिथंच मिटवून या.